मांजराचे रक्त आणि कुंभाराचे गाढव

मागच्या गुरुवारी आपण कार्यकारणभाव घेतला होता. घडा, माती, चाक, दंड, कुंभार आणि माती वाहून आणणारे ते गाढव, हे सगळे आपल्या डोक्यात अजून असेल असे आम्ही धरून चालतो. व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी आम्हाला जिन्यातच गाठले. म्हणाल्या, "सर, किती शतकं तुम्ही लोक तोच घडा घडवताय! दुसरं उदाहरण नाही का?" आम्ही हसून वेळ मारून नेली, पण घरी जाताना वाटले, बाई बरोबर बोलल्या. आणि दुसरे उदाहरण तर आमच्या घरातच, शाहूपुरीच्या ओट्यावर, पाय पसरून झोपलेले असते. तेव्हा आज मांजर. म्हणजे मांजराच्या रक्तातले जंतू.

आधीच सांगतो, आम्ही पशुवैद्य नव्हे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. आज जे सांगणार आहोत ते वाचलेले आहे, जाणकारांना विचारून घेतलेले आहे, आणि थोडे स्वतःच्या घरी भोगलेले आहे. औषधाची मात्रा आम्ही सांगणार नाही. ती मांजराच्या वजनावर ठरते आणि ठरवायची डॉक्टरांनी.

आमचा बोका, नाव नाना. आम्ही ठेवलेले नाही, शेजारच्या मुलांनी ठेवले. पावसाळ्यात कुठूनसा आला आणि राहिला. रात्री बाहेर, पहाटे घरी, कानाला नवीन ओरखडा. तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात नाना मलूल झाला. खाणे कमी, उडी मारेना. दोन दिवस आम्ही म्हटले, मारामारीत दमला असेल. मग सौ.च्या लक्षात आले की तो न्हाणीघराशेजारची भिंत चाटतो आहे. ओल येऊन पोपडे सुटलेत तिथे. कुंडीतली मातीही चाटायचा. आम्हाला ते गमतीचे वाटले, त्यांना नाही वाटले. त्यांनी त्याचा वरचा ओठ उचलून पाहिला. हिरड्या गुलाबी असायला हव्यात ना? त्या कवडीसारख्या पांढऱ्या होत्या.

हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. मांजर दुखणे लपवते. ते ओरडत नाही, लंगडत नाही, कोपरा धरते. रक्त कमी झालेले मांजर पुष्कळदा माती, सिमेंट, त्याच्या पेटीतली वाळू चाटू लागते. आणि हिरड्यांचा रंग पाहायला काही उपकरण लागत नाही. फक्त धडधाकट असताना तो कसा असतो ते एकदा पाहून ठेवायला हवे, नाहीतर पांढरे कशाच्या तुलनेत म्हणणार?

जवळच्या एका दवाखान्यात नेले. ताप होता. मांजराचे नेहमीचे तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण ३८ ते ३९ सेल्सिअस, नानाला ४० च्या वर. डॉक्टर भले गृहस्थ होते, गर्दीही होती. त्यांनी पेनिसिलीनच्या कुळातले इंजेक्शन दिले, तापाचे दिले, तीन दिवसांनी या म्हणाले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. नानाने थोडे दूध-पोळी खाल्ली. आम्ही खूष. औषध दिले, ताप उतरला, म्हणून औषधाने ताप उतरला. पस्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेला माणूस असा विचार करतो, बघा! चौथ्या दिवशी ताप पुन्हा चढला आणि नाना उभा राहीना.

आता तो आजार काय होता ते सांगतो.

मांजराच्या रक्तात जंतू जाणे याचे दोन तऱ्हेचे अर्थ होतात. एक म्हणजे जखम चिघळली, गळू फुटले, जंतू रक्तात उतरले आणि सगळ्या शरीरात वणवा लागला. ती तातडीची गोष्ट, तिच्यात विचार करायला वेळच नसतो. दुसरे म्हणजे असे जंतू ज्यांचे घरच रक्त आहे. ते तिथे महिनोन् महिने राहतात, कधी त्रास देतात, कधी अजिबात नाही. आजचा आपला विषय हे दुसरे. त्यातलेही दोनच घेऊ.

पहिल्याचे नाव मायकोप्लाझ्मा हीमोफेलिस. हा तांबड्या पेशीच्या आत जात नाही, पाठीवर चिकटून बसतो. १९४२ साली दक्षिण आफ्रिकेत याचे पहिले वर्णन झाले, १९५३ साली अमेरिकेत याच्यापासून होणाऱ्या पंडुरोगाचे. बरीच वर्षे याचे नाव हीमोबार्टोनेला असे होते. पुढे त्याचा जनुकीय आराखडा पाहिला तेव्हा, २००१ च्या सुमारास, कळले की हा मायकोप्लाझ्माच्या घराण्यातला आहे. नाव बदलले. आता तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? इथे नावात नानाचा जीव होता. मायकोप्लाझ्मा घराण्याचे वैशिष्ट्य असे की या जंतूंना पेशीभित्तिका, म्हणजे बाहेरचा कोटच नसतो. आणि पेनिसिलीन काम करते ते नेमके तो कोट बांधू न देऊन. ज्याला कोट नाही त्याचा काय बांधू देणार नाही? तेव्हा ते इंजेक्शन चांगले होते, ताजे होते, पैसे देऊन घेतलेले होते, आणि या जंतूपुरते पाण्यासारखे होते. मग ताप का उतरला? एकतर तापाचेही औषध दिले होते. आणि या आजारात ताप असाही चढतो-उतरतो. आम्ही दुसऱ्या दिवशी ज्याला कारण म्हटले ते फक्त आधी घडलेले होते.

जाता जाता तापाच्या औषधाविषयी. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही, अर्धीसुद्धा, पाव सुद्धा देऊ नका. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही. तिच्यामुळे तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाच्या राहत नाहीत आणि मांजर मरते. घरोघरी हे प्रेमाने केले जाते.

पुढे गंमत अशी की हा जंतू स्वतः पेशी फारशा फोडत नाही. तो पाठीवर बसला की शरीराची संरक्षक यंत्रणा ती पेशीच परकी समजू लागते, आणि प्लीहा अशा पेशी वेचून काढून मोडते. म्हणजे नानाचे रक्त कमी करत होते ते मुख्यतः नानाचेच शरीर. म्हणून कधीकधी डॉक्टर जंतूच्या औषधाबरोबर ही यंत्रणा आवरणारे स्टिरॉइडही देतात, कधी देत नाहीत. मतभेद आहेत. मांजराची तांबडी पेशी मुळातच अल्पायुषी, साधारण सत्तर दिवसांची, आपली एकशेवीस दिवसांची. त्यामुळे पुरवठा थोडा मागे पडला तरी घसरण लवकर दिसते.

दुसऱ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नानाच्या कानाच्या कडेला सुई टोचून थेंबभर रक्त काढले आणि तिथल्या तिथे काचेवर पसरले. आम्ही विचारले, नळीत भरून प्रयोगशाळेत का पाठवत नाही? त्यांनी सांगितले की नळीतल्या औषधात रक्त पडून राहिले तर हे जंतू पेशींवरून सुटून जातात, मग काचेवर काही दिसत नाही. शिवाय ते रक्तात सारख्या संख्येने राहत नाहीत. आज भरपूर, दोन दिवसांनी शोधून सापडत नाहीत. उलट बाजूही आहे. रंगाचे कण पेशीवर पडले तरी जंतू असल्यासारखे वाटते.

इथे आमच्यातला मास्तर जागा झाला. आपल्याकडे भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती अनुपलब्धी म्हणून एक प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून घडा नाही हे ज्ञान होते. पण त्यांनी एक अट घातली आहे: घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे म्हणता येत नाही. ती योग्य अनुपलब्धी नव्हे. प्रयोगशाळेतून कागद येतो, 'जंतू आढळले नाहीत'. आपण तो 'जंतू नाहीत' असा वाचतो. या दोन वाक्यांच्या फटीत पुष्कळ मांजरे दगावली असतील. म्हणून आता पीसीआर नावाची तपासणी करतात, जंतूचा जनुकीय तुकडाच हुडकतात. खोलीत दिवा लावण्यासारखे आहे ते. तीही औषध सुरू करण्यापूर्वी केलेली बरी.

नानाच्या काचेवर जंतू दिसले. रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण, जे तीसच्या वर असावे, ते चौदा होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून घसरले तर रक्त द्यावे लागेल. आमच्या सौ. लगेच म्हणाल्या, शेजारची मनी आहे, तिचं घ्या. त्या म्हणाल्या, "नाही काकू, आधी गट पाहावा लागतो." हे आम्हाला ठाऊक नव्हते. मांजरांत ए, बी आणि एबी असे गट असतात. बी गटाच्या मांजराच्या रक्तात ए गटाविरुद्धची तीव्र द्रव्ये आपोआपच तयार झालेली असतात. त्याला ए गटाचे थोडेसे रक्त गेले, तेही आयुष्यात पहिल्यांदा, तरी जीव जाऊ शकतो. शिवाय ज्या मांजराचे रक्त घ्यायचे त्याच्या रक्तात हेच जंतू असले तर? रक्तातून ते पसरतात हे तर पक्के माहीत आहे.

सुदैवाने ती वेळ आली नाही. डॉक्सिसायक्लिन सुरू केले. हे औषध जंतूच्या कोटावर नाही, आतल्या प्रथिने बनवण्याच्या कारखान्यावर काम करते. दोन ते चार आठवडे द्यावे लागते. यात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. याची कोरडी गोळी किंवा कॅप्सूल मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहते आणि तिथे भाजल्यासारखी जखम करते. पुढे नळी आकसते, मांजराला गिळता येत नाही. म्हणून गोळीमागून सिरिंजने थोडे पाणी, किंवा खाणे. आमच्या घरी रोज सकाळी हा सोहळा. सौ. नानाला जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून धरत, आम्ही गोळी टाकायची, त्यांनी पाणी सोडायचे. आमच्या मनगटावरच्या रेघा अजून आहेत. पाचव्या दिवशी नाना ओट्यावर चढला. तीन आठवड्यांनी आकडा सव्वीस झाला.

बरा झाला म्हणजे जंतू गेला का? बहुधा नाही. पुष्कळ मांजरे बरी होऊनही जंतू बाळगून असतात. याचे दोन भाऊबंद आहेत, त्यातल्या एकाचे नाव तुरिसेन्सिस. २००५ साली स्वित्झर्लंडमध्ये सापडला, झुरिकच्या लॅटिन नावावरून बारसे केले. या दोघांच्या नावापुढे 'कँडिडाटस' असे लावतात. म्हणजे उमेदवार! यांना प्रयोगशाळेत कोणी वाढवू शकलेले नाही, म्हणून पक्के नाव मिळत नाही. हीमोफेलिसही प्रयोगशाळेत वाढत नाही, पण त्याला जुन्या नावाची पुण्याई कामी आली. रॉबर्ट कोखने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नियम घातला होता की जंतू रोग्यात सापडावा, निरोग्यात सापडू नये, बाहेर शुद्ध स्वरूपात वाढवता यावा, आणि तो टोचल्यावर तोच रोग व्हावा. आमचा नाना पहिल्या कलमात बसतो. दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात तर कोणीच बसत नाही.

हा जंतू एका मांजरातून दुसऱ्यात जातो कसा? पिसवांवर सगळ्यांचा संशय आहे, पण प्रयोगात तो म्हणावा तितका सिद्ध झालेला नाही. बाहेर भटकणाऱ्या, भांडणाऱ्या बोक्यांत तो जास्त सापडतो, म्हणून चावे हाही एक रस्ता धरतात.

आता दुसरा जंतू. तो आमच्या घरात आला तो मांजरातून नव्हे, एका वाक्यातून आला.

सौ.ना सांधेवात आहे. त्यासाठी त्या प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेतात. त्यांच्या तपासणीच्या वेळी नानाची गोष्ट निघाली आणि त्यांचे डॉक्टर म्हणाले, "घरात मांजर? काढून टाका. सोडून द्या कुठंतरी." परतताना रिक्षात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या गोष्टीचं कारण शोधता ना? मग नीट शोधा. त्याला सोडायचा असेल तर मला कारण कळू दे."

शोधले. त्या डॉक्टरांच्या मनात जो जंतू होता त्याचे नाव बार्टोनेला हेन्सेली. मांजराने ओरबाडल्यावर होणारा ताप यानेच होतो. ओरखड्याच्या जागी फोड येतो आणि काही दिवसांनी काखेतल्या किंवा मानेतल्या गाठी सुजतात. पॅरिसच्या रोबेर दब्रे यांनी १९५० साली या आजाराचे वर्णन केले. पण जंतू काही सापडेना. १९८३ साली अमेरिकेच्या सैन्यदलाच्या विकृतिशास्त्र संस्थेत रोग्यांच्या गाठींमध्ये बारीक जंतू दिसले. १९८८ साली तिथेच एक जंतू वाढवता आला. चला, सापडला! त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला नाव दिले अफिपिया फेलिस. फेलिस म्हणजे मांजराचा.

आणि तो गाढव निघाला. म्हणजे कुंभाराचे. गाढव माती आणते, घड्याच्या आधी ते तिथे असते, तरी नैयायिक त्याला कारण म्हणत नाहीत, अन्यथासिद्ध म्हणतात. कारण त्या गाढवावाचूनही घडा होतो, माती डोक्यावरून आणली तरी चालते. अफिपियावाचूनही हा ताप येत होता. १९९२ साली एड्सच्या रोग्यांमधून सापडलेल्या एका वेगळ्याच जंतूला नाव मिळाले, आणि ओरबाडण्याच्या तापाच्या बहुसंख्य रोग्यांच्या रक्तात या नव्या जंतूविरुद्धची द्रव्ये निघाली, अफिपियाविरुद्धची नाहीत. हेन्सेली हे नाव ओक्लाहोमाच्या प्रयोगशाळेतल्या डायेन हेन्सेल या तंत्रज्ञ बाईंवरून आहे. सुरुवातीचे बरेच नमुने त्यांनी वाढवले होते. मोठ्या प्राध्यापकांऐवजी काम करणाऱ्या माणसाचे नाव लागले, आम्हाला बरे वाटले. घराण्याचे नाव मात्र पेरूमधल्या अल्बर्टो बार्टन यांचे, त्यांनी १९०९ साली तिथल्या एका जीवघेण्या तापाचा जंतू दाखवला. त्याच तापापायी १८८५ साली लिमामध्ये दानिएल कारिऑन नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने रोग्याच्या पुळीतला द्रव स्वतःला टोचून घेतला होता आणि तो मेला. कारण शोधण्याची किंमत कोणीतरी मोजलेली असते.

मग लोकांनी मांजरांचे रक्त तपासले. १९९४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या ६१ मांजरांपैकी २५ मांजरांच्या रक्तात हा जंतू जिवंत निघाला. बहुतेक मांजरांना याचा काही त्रासच नसतो. हा तांबड्या पेशीच्या आत राहतो, महिनोन् महिने. त्या मांजराला आजारी म्हणायचे का? आम्ही तरी म्हणणार नाही.

पण आमच्या घरच्या प्रश्नाचे उत्तर १९९६ च्या एका प्रयोगात होते. कॅलिफोर्नियात ब्रुनो शोमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतू असलेल्या मांजरांवरच्या पिसवा काढून निरोगी पिल्लांवर सोडल्या. पिल्लांच्या रक्तात जंतू आले. पिसवा नसताना मात्र मांजरे एकत्र राहिली तरी एकातून दुसऱ्यात जंतू गेला नाही. पिसवेच्या विष्ठेत जंतू असतो. मांजर अंग खाजवते, ती काळी भुकटी नखांत जाते, आणि त्या नखाचा ओरखडा आपल्याला पडतो. म्हणजे 'मांजरामुळे होतो' हे वाक्य खोटे नाही, पण अर्धवट आहे. साखळीतून पिसू काढली की साखळी तुटते, मांजर तिथेच राहिले तरी.

हे आम्ही कागदावर मांडून त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना या जंतूपासून जास्त धोका असतो, रक्तवाहिन्यांच्या गाठी होऊ शकतात, हृदयाच्या झडपांना त्रास होऊ शकतो, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण एड्सच्या रोग्यांसाठी अमेरिकेत जी मार्गदर्शक तत्त्वे आहेत तीसुद्धा मांजर टाकून द्या म्हणत नाहीत. वर्षाच्या आतले पिल्लू नवीन आणू नये, दंगामस्तीचा खेळ खेळू नये, ओरखडा पडला तर लगेच साबणाने धुवावा, जखम मांजराला चाटू देऊ नये, आणि पिसवा बारा महिने ताब्यात ठेवाव्यात, असे सांगतात. नाना पिल्लू नव्हता. डॉक्टरांनी शांतपणे वाचले आणि म्हणाले, "पिसवांचं बघा मग. आणि ताप आला किंवा गाठ दिसली तर मला मांजराबद्दल आधी सांगा." तेवढे त्यांनी ऐकले याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

पिसवांच्या औषधाबद्दल एक ताकीद. मानेवर सोडायचे थेंब मिळतात, ते मांजरासाठीचेच आहेत ना हे पाहून घ्या. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असते, ते मांजराला विष आहे. 'कुत्र्याचं उरलं होतं, थोडंसं लावलं' असे म्हणत लोक तडफडणारे मांजर दवाखान्यात आणतात, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले.

नानाला आता रात्री घरातच ठेवतो. पहिले पंधरा दिवस त्याने कोणाला झोपू दिले नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी थेंब, आणि सौ. चष्मा लावून बारीक कंगवा फिरवतात. खाली पांढरा ओला कागद ठेवतात. काळे कण पडले आणि ओल्या कागदावर तांबूस झाले तर ती पिसवेची विष्ठा, रक्तच असते ते. नुसते काळे राहिले तर धूळ.

एक चिठ्ठी आली आहे. "घरातल्या मांजराची बार्टोनेलासाठी तपासणी करून घ्यावी का?" मांजर आणि माणसे दोन्ही ठणठणीत असतील तर सहसा गरज नसते. जंतू निघाला तरी औषधाने तो रक्तातून कायमचा जाईलच याची खात्री नाही, आणि नाही निघाला तरी उद्या पिसू चावली की पुन्हा प्रश्न उभाच. घरात कोणी आजारी असेल तर आपल्या आणि मांजराच्या, दोन्ही डॉक्टरांना विचारा. शक्य तर एकमेकांशी बोलायला लावा.

वेळ झाली. अनुपलब्धीवर आज घाईत बोललो, पुढच्या गुरुवारी अभाव हाच विषय घेऊ. जिन्यातल्या बाई आल्या असतील तर त्यांना सांगतो, घडा त्यात परत येणार आहे.